लख्खबाईंची माती

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव लख्खबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती, पाठीमागे म्हणायचे. त्यांच्या घरी पायपुसण्याचे पाय पुसायलाही वेगळं पायपुसणं आहे, असा विनोद होता. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मी घासलेलं एक पातेलं त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा उजेडात धरून म्हणाल्या, "राहू दे. माणसांना चालेल." त्यांच्यासमोर रडायचीही चोरी, म्हणून मी वही लिहायला घेतली. सकाळची प्रार्थना झाली की चार ओळी. अठ्ठावीस वर्षांच्या त्या वह्यांत देवाच्या खालोखाल कोणाचा उल्लेख असेल तर जाऊबाईंचा, आणि तो बहुतेक तक्रारीचाच. तेव्हा मी त्यांची बाजू घेऊन लिहितेय असं कोणी समजू नये. गावात त्यांची गोष्ट सांगतात ती अर्धीच सांगतात, एवढ्यासाठी बसले आहे.

सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा खालची सपाट जमीन आमच्या ह्यांना दिली आणि वरचा, ओढ्याला लागून असलेला खडकाळ तुकडा थोरल्या दिरांना. "तुला गिरणीत पगार आहे, तुला शेत हवंय कशाला," असं त्यांचं म्हणणं. दिरांनी मान डोलावली आणि त्या तुकड्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. जाऊबाईंनी पाहिलं. धान्य निवडावं तसं त्यांनी ते शेत निवडलं. रोज सकाळी दोन घमेली दगड, मग अंगात ताप असो की बाहेर धो धो पाऊस. पोटुशी होत्या तेव्हाही दोन घमेली चुकली नाहीत. ते मूल राहिलं नाही आणि पुढे दुसरं झालं नाही. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दगड उचलणारीच्या पोटी दगडच यायचा." जाऊबाई उठल्या, शेतावर गेल्या आणि त्या दिवसाचं राहिलेलं दुसरं घमेलं भरून आल्या.

दगड सरले तेव्हा त्यांनी माती बनवायला घेतली. गावभरचा पालापाचोळा, गोठ्यातलं शेण, भाज्यांची सालं, चुलीतली राख. आमच्याकडची सालंसुद्धा त्या मोजून न्यायच्या आणि वर ऐकवायच्या, "धाकटे, बटाटा सोलतेस की तासतेस?" बाकीच्या बायका आलेल्यांना दागिने दाखवतात, ह्या माती दाखवायच्या. कोणीही पाहुणा असो, आधी त्याला शेतावर न्यायच्या, मनगटापर्यंत हात जमिनीत घालायच्या, मूठ वर काढून त्याच्या नाकाखाली धरायच्या. "घ्या वास. घ्या की, चावत नाही." काळी, चहाच्या पत्तीसारखी माती होती. दाबली की गोळा व्हायचा, बोट लावलं की सुटायचा. एका वर्षी कृषी कार्यालयाने घरोघरी कापडी पिशव्या वाटून मातीचे नमुने मागवले आणि स्पर्धा घेतली. पहिला नंबर जाऊबाईंचा. ते प्रशस्तिपत्रक त्यांनी स्वयंपाकघरात टांगलं. फोडणीचं तेल उडू नये म्हणून स्वयंपाक करताना त्यावर फडकं टाकायच्या, जेवणं झाली की काढायच्या.

मग वरच्या डोंगरात खाण निघाली. तिथे दगड फोडायचे, पिठासारखे दळायचे, धुऊन त्यातला धातू काढून घ्यायचे आणि उरलेला राखाडी चिखल उतारावर ओतायचे. चिखल वाळला की त्याची भुकटी वाऱ्याबरोबर खाली यायची. पाऊस पडला की त्या ढिगाऱ्यातून झिरपलेलं पाणी ओढ्यात यायचं, आणि ओढा सगळ्यांत आधी लागायचा जाऊबाईंच्या शेताला. त्याखाली शिंप्याचं शेत, त्याखाली आणखी एक, मग आमचं, असं करत ओढ्याकाठी एकूण अकरा शेतं.

माझ्या वहीत क्रमाने आहे. पहिल्या वर्षी ओढ्यातले गोटे तांबूस झाले. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंच्या वाटाण्याची पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी मातीवर पापुद्रा धरायला लागला. पाणी दिलं की वर तळं आणि बोटभर खाली कोरडं ठणठणीत. कोबीचा गड्डा उपटला तर मुळं आखूड, जळक्या दोऱ्यासारखी. माती आंबली होती. जाऊबाईंनी चुना टाकला, दुप्पट टाकला, उपयोग शून्य. सर्वांत शेवटी गांडुळं गेली. जाऊबाई खुरपं घेऊन वीत वीत उकरत बसायच्या, दहा ठिकाणी, वीस ठिकाणी. मी विचारलं, "काय शोधताय?" तर म्हणाल्या, "एकसुद्धा नाही गं. निदान मेलेलं तरी दिसावं."

आता गंमत अशी की सुरुवातीची दोन-तीन वर्षं खालच्या शेतांना फारसं काही झालं नाही. जो काही विखार होता तो वरच्या शेतातच मुरत होता. त्यामुळे खाणीला कोणी दोष दिला नाही. तो दिला जाऊबाईंना. नळावर बायका म्हणायच्या, "वय झालं की हातातला गुण जातो." शिंपी म्हणाला, "वहिनी, जमिनीला इतकं घासूनपुसून ठेवलंत की बिचारीची सालडी निघाली." आणि थोरल्या दिरांना तर तीस वर्षं वाट पाहिलेली संधीच मिळाली. जेवायला बसले की ताटातली भाजी बोटाने उचलायचे, "ही कोणाच्या शेतातली?"

"बाजारातली."

"असं? पहिला नंबर आता बाजारात विकतात वाटतं. बरं झालं, त्या भिंतीवरच्या कागदाची तरी भाजी कर."

जाऊबाई वाढत राहायच्या. त्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं, मला घासूनपुसून लख्ख करणारी जीभ होती ती. पण शेताचा विषय निघाला की ती आत जायची. दोन वर्षं मी हे बघत होते, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मला बरंही वाटत होतं. देवाने मला त्याची क्षमा करावी.

मग खालच्या शेतांतही पानं पिवळी पडायला लागली आणि एकदम सगळ्यांना खाण दिसली. अर्ज गेले, मोर्चा गेला. शेवटी सरकारी तपासणी समिती नेमली गेली. ठरलं ते असं: अकराही शेतांतल्या मातीची तपासणी होणार. माती बिघडलेली निघाली तर ढिगारा बंद, खाणीने चिखल डोंगरापलीकडे न्यायचा. ठीक निघाली तर आहे तसं चालू. माणसं कमी म्हणून साहेबांनी नमुने घरोघरीच भरायला सांगितले. प्रत्येक घरी एक कापडी पिशवी, एक चिठ्ठी आणि कसा नमुना घ्यायचा त्याचा कागद. पिशव्या तशाच, त्याच कार्यालयाच्या, बदामी रंगाच्या, नाडीवाल्या.

पिशवी आली त्या दिवशी दुपारी जाऊबाई आमच्याकडे आल्या. "तुझी बारीक चाळण दे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

मी चाळण घेऊन त्यांच्यामागे गेले. त्यांनी परसात चादर अंथरली होती. परसातले वाफे ओढ्यापासून लांब, घराच्या आडोशाला, नळाच्या पाण्यावरचे. गावात आता तेवढीच चांगली माती उरली होती. तिथली माती त्यांनी घमेल्यात भरली, चादरीवर ओतली, काड्या वेचल्या, खडे वेचले आणि मला म्हणाल्या, "धर."

मी चाळण धरली. धरल्यावर म्हटलं, "जाऊबाई, कागदावर शेतातली लिहिलंय. आठ ठिकाणची, नागमोडी. झाडाखालची, खतापाशची घ्यायची नाही असंही लिहिलंय."

"तू कागद वाच. मी माती वाचते."

"अहो, पण हे स्पर्धेसाठी नाहीये. ह्या वेळी खराब निघालेली बरी."

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "माझ्या नावाच्या चिठ्ठीवर खराब लिहून येऊ दे म्हणतेस? चारचौघांत वाचून दाखवणार आहेत. ते समोर बसलेले असणार." ते म्हणजे दीर. "दोन वर्षं रोज ताटावर बसून ऐकलंय मी, हात गेला, हात गेला. एकदा, एकदा फक्त कागदावर येऊ दे, की माती चांगली आहे. मग बघते कोणाचा हात गेला ते." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "आणि अकरा पिशव्या आहेत गं. बाकी दहांना काय धाड भरलीये? त्यांची खराब निघेलच की."

मला ते पटलं. अकरातली एक. मी चाळण हलवली. त्यांनी मातीचा गोल केला, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, पुन्हा गोल, पुन्हा चार भाग, कागदावर होतं तसं तंतोतंत, फक्त माती दुसरी. शेवटी अर्धा किलो उरली. पिशवी त्यांनी आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवली होती. मी घरी येऊन ह्यांनाही काही बोलले नाही. वहीत त्या दिवशी "चाळण नेली, आणली" एवढंच आहे.

सव्वा महिन्याने शाळेच्या दालनात निकाल. अकरा घरं, बाकी बघे. एका बाजूला तपासणी साहेब, दुसऱ्या बाजूला खाणीचा वकील. वकील अगदी सौम्य माणूस, प्रत्येकाला "दादा, ताई" म्हणणारा. साहेबांनी वाचायला सुरुवात केली ती खालून. अकरावं शेत, ठीक. दहावं, ठीक. नवव्यापासून बिघडत गेलं. आमचं चौथं, बिघडलेलं, धातूचं प्रमाण मर्यादेच्या दुप्पट. आमचे हे माझ्याकडे बघून हसले, परीक्षेत पास झाल्यासारखे. शिंप्याचं दुसरं, चौपट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपली जमीन मेली म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"पहिलं शेत," साहेब म्हणाले आणि चष्मा वर केला. "माती उत्तम. धातू जवळपास नाही. पिकाचं नुकसान झालं असल्यास ते मशागतीतल्या दोषामुळे असावं."

जाऊबाई "उत्तम" ऐकून ताठ झाल्या होत्या. पुढचं वाक्य येईपर्यंत त्या तशाच होत्या, आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते. थोरले दीर हसले. नुसते नाही, मांडीवर थाप मारून. "घ्या! सरकारी शिक्का! माती उत्तम, बाई नालायक!"

दालनही हसलं. मग वकील उठला.

"दादा, एक शंका. ढिगाऱ्याचं पाणी आधी पहिल्या शेताला लागतं, बरोबर? मग पहिल्या शेतात विष नाही आणि दुसऱ्यात चौपट, हे कसं? पाणी उडी मारून गेलं?" त्याने सगळ्यांकडे प्रेमाने पाहिलं. "म्हणजे ते ढिगाऱ्यातून आलेलंच नाही. तुम्हीच काही फवारत असाल, टाकत असाल. खाणीचा संबंध काय?"

हसू थांबलं. साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, तर्क बरोबर दिसतो. शिंपी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. सगळ्या माना जाऊबाईंकडे वळल्या.

त्या उठल्या. मला वाटलं, बाहेर जातील. त्या म्हणाल्या, "ती माती शेतातली नाही."

"म्हणजे?"

"माझ्या परसातली. मी भरली. शेतातली माती मेलीये साहेब, केव्हाच मेलीये. आत्ता चला, दाखवते."

थोरले दीर बसल्या जागेवरून ओरडले, "लक्ष देऊ नका साहेब. पोर गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही." तेवीस वर्षांत त्या पोराचा उल्लेख त्यांनी कधी केला नव्हता.

वकिलाने हळूच विचारलं, "ताई, कोणी पाहिलंय?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. मी उभी राहिले. खोटं बोलणं मला जमत नाही, लहानपणापासून नाही. म्हटलं, "हो. चाळण मी धरली होती."

"म्हणजे दोन घरं," वकील म्हणाला आणि साहेबांकडे वळला. "एकीने चांगली माती भरली, मग दुसऱ्याने मुद्दाम खराब भरली नसेल कशावरून? नमुने ज्यांचे त्यांनी भरले. साहेब, माझा कोणावर आरोप नाही. पण ह्या अकरा पिशव्यांवर आता विश्वास कसा ठेवायचा?"

साहेबांनी फार विचार केला नाही. सगळे नमुने रद्द. नियमाप्रमाणे पुढची फेरी तीन वर्षांनी. तोवर आहे तसं चालू. त्यांनी अकराही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून रबर लावला. पाच मिनिटं लागली असतील.

मला कोणी काही बोललं नाही. मी देवभोळी, खरं बोलणारी. जे काही यायचं होतं ते सगळं जाऊबाईंच्या वाट्याला आलं. नळावर त्यांची बादली रांगेतून उचलून मागे ठेवायचे. शिंप्याने तोंडावर सांगितलं, "वहिनी, तुमची चकाकी आमच्या पोटावर." आणि एका सकाळी त्यांच्या पायऱ्यांवर राखाडी भुकटीची पाटी कोणीतरी ओतून गेलं. त्यांनी धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांनी पुन्हा धुतलं, घासणीने, सांधे उकरून. आठ दिवस रोज एक पाटी, आणि आठ दिवस रोज धुणं. थोरले दीर वर्तमानपत्र वाचत खुर्चीत बसायचे आणि पाय वर घ्यायचे, खालून पाणी जावं म्हणून. नवव्या दिवशी जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, भुकटीकडे पाहिलं आणि तिच्यावरून चालत नळावर गेल्या. घरात पावलं उमटली. मी वहीत ते लिहिलं. तसं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पाटी ओतणं थांबलं. ओतणाऱ्याला हवं ते मिळालं असावं.

शेताचं पुढे फार सांगण्यासारखं नाही. खाण थोडाफार मोबदला द्यायला लागली, पण पहिल्या शेताचा निकाल वादग्रस्त, म्हणून ते कुठल्याच यादीत बसेना. ढिगारा उतारावरून सरकत सरकत बांधापर्यंत आला. एक दिवस थोरले दीर खाणीच्या कचेरीत गेले आणि शेत देऊन आले. शेत त्यांच्या नावावर होतं, विचारायचं कोणाला? घरी येऊन म्हणाले, "सुटलीस." पुढच्या पावसाळ्याआधी ते शेत चिखलाखाली गेलं. जाऊबाई बघायला गेल्या नाहीत. मी गेले. वर बांधाचे दगड तेवढे दिसत होते, तेही आठवडाभर.

खाणीच्या त्याच वकिलाने मग निरोप पाठवला. "त्या ताईंच्या हाताला गुण आहे. परसातली माती बघितली आम्ही, उत्तम होती. फाटकापाशी बाग करायची आहे." दिरांनी परस्पर हो म्हणून टाकलं. "घरात बसून भिंती पुसण्यापेक्षा बरं," म्हणाले. खाणीने परसातली सगळी माती ट्रकमध्ये भरून नेली, हातभर खोलपर्यंत, आणि मागोमाग जाऊबाई गेल्या.

आता दोन वर्षं झाली. गेल्या मंगळवारी दवाखान्यातून परत येताना माझी बस फाटकापाशी थांबली, तर त्या दिसल्या. मी उतरले. बाग सुंदर आहे, हे लिहायलाच हवं. झेंडू, गुलाब, कडेला पुदिना. आणि जाऊबाई ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होत्या. वरून पुसायच्या, मग पान उलटून खालून. फडकं राखाडी झालं की बादलीत पिळायच्या.

"रोज पुसता?"

"दोनदा. अकराला पाहुणे येतात, बाहेरगावचे. फोटो काढतात."

"काही विचारतात?"

"विचारतात ना. खाणीपाशी इतकं छान कसं उगवतं, म्हणतात. मी सांगते, माती इथलीच."

"जाऊबाई!"

"तसं सांगायला सांगितलंय." त्यांनी फडकं पिळलं. "पुढच्या महिन्यात तपासणीची फेरी आहे, कळलं का तुला? ह्या वेळी खाणीचीही एक पिशवी आहे. ह्या वाफ्यातली माती भरायची. ढिगाऱ्याला लागून आहे ना, पहिली. मलाच भरायला सांगितलंय."

मी म्हटलं, "भरू नका. देवासाठी म्हणते, भरू नका. खाली दहा घरं आहेत. आमचं आहे."

त्या बराच वेळ एकच पान पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी खरं बोलले, तेव्हा तुझ्या दहा घरांतलं कोणी माझ्या पायऱ्या धुवायला आलं होतं?"

पायऱ्या धुवायला मीही गेले नव्हते.

"नाही ना? मग सर बाजूला. सावली पडतेय."

मी सरकले. फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, तशी त्यांनी बादली झाडामागे लपवली, हात पुसले आणि पाहुण्यांकडे हसत बघत वाफ्यात मनगटापर्यंत हात घातला.